यूएसबी डॉकमधली ४ टीबी डिस्क थेट साटाला जोडली, पार्टिशन दिसेना. कमांड लाइनवरून काय तपासू?

कोरीपाटी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. ४ टीबीची एक डिस्क बरीच वर्षं यूएसबी डॉकमध्ये वापरात होती. तिच्यावर जीपीटी टेबल (पार्टिशन कुठून कुठपर्यंत आहे याची डिस्कवरची नोंद) आणि एकच ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) पार्टिशन, दोन्ही लिनक्सवरच केलेली. आता डॉक काढून डिस्क मशीनच्या आत साटा पोर्टवर लावली आहे. डिस्क फिरते, मॉडेल आणि सीरियल नंबर बरोबर दिसतात, पण एलएसबीएलकेमध्ये (डिस्क आणि पार्टिशनची यादी देणारी कमांड) नुसतं एसडीबी, म्हणजे अख्खी डिस्क, येतं. खाली एसडीबी१ नाही, त्यामुळे माउंट करायला काही हातात नाही.

एफडिस्क -एल मात्र हे दाखवतो:

डिस्क /डेव्ह/एसडीबी: ३.६४ टीआयबी, ४०००७८७०३००१६ बाइट, ७८१४०३७१६८ सेक्टर
सेक्टर साइझ (लॉजिकल/फिजिकल): ५१२ बाइट / ४०९६ बाइट
डिस्कलेबल टाइप: डॉस
/डेव्ह/एसडीबी१ स्टार्ट १, एंड ९७६७५४६४५, साइझ ४६५.८जी, आयडी ईई, टाइप जीपीटी

४६५.८जी कुठून आलं कळत नाही, एवढं छोटं पार्टिशन या डिस्कवर कधीच नव्हतं. डेस्कटॉपवरच्या टूलने डिस्क इनिशियलाइझ करू का असं विचारलं, त्याला नाही म्हटलं. डिस्क खराब झाली आहे का? आणि डेटा परत मिळेल का? दुसरी ४ टीबी रिकामी डिस्क सध्या हाताशी नाही.

---

रात्रपाळी

नाही म्हणालात ते उत्तम केलंत. आता पहिलं काम, डिस्कवर चुकूनही काही लिहिलं जाऊ नये अशी सोय करा. (कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर नेहमीच्या स्पेलिंगनेच द्या.)

ब्लॉकडेव्ह --सेटआरओ /डेव्ह/एसडीबी

हा फक्त कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) झेंडा आहे. रीबूट केलंत किंवा केबल काढून पुन्हा लावलीत की तो जातो, मग परत द्यावा लागतो. शिवाय रीबूटनंतर एसडीबीचं एसडीए किंवा एसडीसी होऊ शकतं. म्हणून प्रत्येक वेळी /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी या फोल्डरमध्ये सीरियल नंबर बघून खात्री करा. तिथली एटीए- ने सुरू होणारी लिंक कुठल्या नावाकडे बोट दाखवते तेच खरं.

डिस्कची तब्येत बघायला स्मार्टसीटीएल -एक्स /डेव्ह/एसडीबी. डॉकमध्ये असताना बहुधा -डी सॅट जोडावं लागत असेल, आता थेट साटावर त्याची गरज नाही. वरची 'पास्ड' ही ओळ सोडून द्या, तिच्या भरवशावर राहू नये. खालच्या तक्त्यातल्या ५, १९७ आणि १९८ क्रमांकाच्या ओळींची रॉ व्हॅल्यू बघा. ५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर (डिस्कवर वाचण्या-लिहिण्याचे सर्वांत लहान तुकडे), १९७ म्हणजे वाचता न आल्याने निर्णयाची वाट बघणारे, १९८ म्हणजे डिस्कने स्वतः तपासताना न वाचता आलेले. तिन्ही शून्य असतील तर प्लॅटरची (डिस्कच्या आतल्या चकत्यांची) चिंता तूर्त नको. १९९ हा सीआरसीचा (डेटा पोचताना झालेल्या चुकांचा) आकडा केबल आणि कनेक्टरबद्दल बोलतो. तो कधीच मागे येत नाही, त्यामुळे जुना आकडा मोठा असला तरी बिघडत नाही. आजपासून वाढतोय का तेवढं पाहा. वाढत असेल तर केबल बदला.

---

सेक्टरमोजणी

डिस्क खराब नाही आणि डेटाही जागच्या जागी आहे, असं तुमच्या आउटपुटवरून मला जवळजवळ खात्रीने वाटतं. गुन्हेगार तो ४६५.८जी आकडाच आहे.

७८१४०३७१६८ ला ८ ने भागा. ९७६७५४६४६ येतं. तुमच्या ईई पार्टिशनचा शेवट ९७६७५४६४५, म्हणजे बरोबर एकने कमी. याचा अर्थ टेबल लिहिलं गेलं तेव्हा डिस्क ९७६७५४६४६ सेक्टरची होती, आणि एकेक सेक्टर ४०९६ बाइटचा होता. डिस्क स्वतः ५१२ बाइटचा लॉजिकल सेक्टर सांगते. डॉकमधली ब्रिज चिप (साटा आणि यूएसबी यांना जोडणारी) आठ-आठ सेक्टरांची मोट बांधून संगणकाला ४०९६ चा एक सेक्टर म्हणून दाखवत होती. जुन्या एमबीआर टेबलमध्ये सेक्टर क्रमांक ३२ बिटांचा असतो, त्यामुळे ५१२ च्या हिशेबात २ टीआयबीच्या पुढे जाताच येत नाही. सेक्टर आठपट मोठा दाखवला की तीच मर्यादा १६ टीआयबीवर जाते. जुन्या ३२ बिट सिस्टिमवर मोठ्या डिस्क चालाव्यात म्हणून काही डॉक ही युक्ती करायचे.

आता थेट साटावर काय होतं ते बघा. सेक्टर शून्यात 'इथे जीपीटी आहे' अशी पाटी लावणारा प्रोटेक्टिव्ह एमबीआर असतो. शून्य म्हणजे दोन्ही हिशेबांत शून्यच, म्हणून तो दिसतो. त्यातला आकार मात्र ४०९६ च्या मापात लिहिलेला आहे आणि एफडिस्क तो ५१२ च्या मापात वाचतो. ९७६७५४६४५ गुणिले ५१२ केलं की तुमचे ४६५.८जी आले. खरा जीपीटी हेडर सेक्टर १ मध्ये असतो. डॉकच्या हिशेबात ती जागा बाइट ४०९६ वर, आणि आता कर्नल शोधतोय बाइट ५१२ वर, तिथे काही नाही. डिस्कच्या टोकाला हेडरची दुसरी प्रत असते, पण ती शेवटच्या ४०९६ च्या ठोकळ्याच्या सुरुवातीला आहे आणि ५१२ च्या हिशेबात ती शोधायची तर शेवटच्या ५१२ मध्ये. दोन्हीकडे चुकामूक.

खात्री करायची असेल तर तीन तपासण्या, तिन्ही फक्त वाचणाऱ्या:

जर्नलसीटीएल -के --ग्रेप लॉजिकल -बी -१

डॉक ज्या बूटला जोडलेला होता त्याचा लॉग शिल्लक असेल तर '९७६७५४६४६ ४०९६-बाइट लॉजिकल ब्लॉक्स' अशी ओळ मिळेल. -१ च्या जागी -२, -३ असं मागे जाऊन बघा. ९७६७५४६४६ गुणिले ८ बरोबर ७८१४०३७१६८ भरतं का तेही पडताळा, कारण काही डॉक टोकाचे थोडे सेक्टर स्वतःसाठी राखून ठेवतात.

ब्लकआयडी -पी /डेव्ह/एसडीबी

यात पीटीटाइपपुढे पीएमबीआर आलं तर पाटी आहे पण हेडर सापडला नाही, असा अर्थ.

डीडी आयएफ=/डेव्ह/एसडीबी बीएस=४०९६ स्किप=१ काउंट=१ | हेक्सडम्प -सी | हेड -एन २

पहिले आठ बाइट ४५ ४६ ४९ २० ५० ४१ ५२ ५४ असे हवेत. ही जीपीटी हेडरची सही आहे. पुढचे चार ०० ०० ०१ ०० म्हणजे आवृत्ती १.०. हे दिसलं की निदान पक्कं.

इथे सही न दिसता नुसता अर्थहीन बाइटांचा पसारा दिसला तर मात्र थांबा. काही बाहेरच्या डिस्कांच्या बोर्डावर एन्क्रिप्शन असतं, पासवर्ड न लावताही. तो डेटा त्या बोर्डाशिवाय उलगडत नाही. तुमच्या बाबतीत सेक्टर शून्य साधा वाचता आला, त्यामुळे ती शक्यता उरत नाही.

सही दिसली असेल तर पार्टिशन आत्ता लगेच उघडता येईल, डिस्कला हात न लावता:

लॉसेटअप --फाइंड --शो --रीड-ओन्ली --पार्टस्कॅन --सेक्टर-साइझ ४०९६ /डेव्ह/एसडीबी

लूप डिव्हाइस (कर्नलने तयार केलेली आभासी डिस्क) इथे डॉकचंच काम करतं, ४०९६ चा सेक्टर दाखवतं. यासाठी कर्नल ४.१४ किंवा त्यापुढचा लागतो. /डेव्ह/लूप०पी१ उगवलं की ते -ओ आरओ देऊन माउंट करा.

---

कोरीपाटी

आठही बाइट अगदी तसेच आले. जुन्या बूटच्या लॉगमध्ये ९७६७५४६४६ ची ओळही सापडली. स्मार्टमध्ये ५, १९७, १९८ शून्य आहेत.

लॉसेटअपनंतर लूप०पी१ दिसलं, आकार ३.६टी. पण माउंट -ओ आरओ नाकारलं जातंय. डीएमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) लिहिलंय की रिकव्हरी हवी आहे, लिहिण्याची परवानगी नाही, नोलोड वापरून बघा. हे काय? आणि शेवटी लूपशिवाय कायमचं कसं करायचं?

---

सेक्टरमोजणी

शेवटच्या वेळी डॉक अनमाउंट न करता निघाला किंवा बंद झाला असणार. ईएक्सटी४ च्या जर्नलमध्ये (बदल जागेवर लिहिण्याआधी टिपून ठेवायची वही) काही नोंदी जागेवर लिहायच्या राहिल्यात. एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: -ओ आरओ दिलं म्हणजे डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही असं नाही. लिहिण्याजोग्या डिव्हाइसवर ईएक्सटी४ आधी जर्नल लावून घेतं आणि मग फक्त-वाचन स्थितीत जातं. तुमचं लूप खरोखरच रीड-ओन्ली आहे, म्हणून ते अडलं. तेच हवं होतं. आता

माउंट -ओ आरओ,नोलोड /डेव्ह/लूप०पी१ /एमएनटी

द्या. शेवटच्या काही सेकंदांतले बदल जुने दिसतील किंवा एखादी फाइल अर्धवट दिसेल, त्याने घाबरू नका. जे गमावणं परवडणार नाही ते आत्ताच दुसरीकडे उचला. ४ टीबी जागा नसली तरी महत्त्वाचं तेवढं कुठेतरी मावतंच. हे केल्याशिवाय खालचा भाग सुरू करू नका.

कायमचा उपाय: तेच पार्टिशन त्याच बाइटवर ठेवायचं, फक्त टेबल ५१२ च्या मापात नव्याने लिहायचं. डेटा हलवायचा नाही, फॉरमॅट करायचं नाही. टेबलाची जागा पार्टिशनच्या बाहेर असते म्हणून हे शक्य आहे.

आधी अनमाउंट करा आणि दोन्ही टोकांची प्रत घ्या. प्रत अर्थातच दुसऱ्या डिस्कवर.

डीडी आयएफ=/डेव्ह/एसडीबी ओएफ=डोकं.बिन बीएस=५१२ काउंट=२०४८
डीडी आयएफ=/डेव्ह/एसडीबी ओएफ=शेपूट.बिन बीएस=५१२ स्किप=७८१४०३५१२०

ही प्रत का, तर नवं टेबल जुन्यावरच बसणार आहे. ५१२ च्या हिशेबात पार्टिशनच्या नोंदी सेक्टर २ ते ३३ मध्ये, म्हणजे बाइट १०२४ ते १७४०७. जुना हेडर बाइट ४०९६ वर, तो त्याखाली पुसला जाईल. टोकाच्या प्रतीचंही तसंच. काही चुकलं तर या दोन फाइली परत लिहिल्या की आजची स्थिती परत.

मग लूपवरचं टेबल मजकूर म्हणून उतरवा:

एसएफडिस्क --डम्प /डेव्ह/लूप० > टेबल.टीएक्सटी

त्यात स्टार्ट, साइझ, टाइप, यूयूआयडी (ओळख क्रमांक) असं सगळं येतं. इथे ते टाका, गुणाकार तपासून देतो.

---

कोरीपाटी

माउंट झालं, फाइली दिसतात! सगळ्यात महत्त्वाचं फोल्डर उचलून झालं. डम्प असा:

फर्स्ट-एलबीए: ६
लास्ट-एलबीए: ९७६७५४६४०
सेक्टर-साइझ: ४०९६
/डेव्ह/लूप०पी१ : स्टार्ट= २५६, साइझ= ९७६७५४१७६, आणि पुढे टाइप व यूयूआयडी

---

सेक्टरमोजणी

स्टार्ट २५६ गुणिले ८ = २०४८. म्हणजे नेमका १ एमआयबी, ५१२ च्या डिस्कवर नेहमी असतो तसाच. साइझ ९७६७५४१७६ गुणिले ८ = ७८१४०३३४०८. शेवटचा सेक्टर २०४८ + ७८१४०३३४०८ - १ = ७८१४०३५४५५. नव्या टेबलात वापरता येणारा शेवटचा सेक्टर ७८१४०३७१६८ - ३४ = ७८१४०३७१३४. आपण त्याच्या बरेच आत आहोत, टोकाला टेबलाच्या दुसऱ्या प्रतीला जागा मोकळी आहे. सुरुवातीलाही ३४ च्या पुढे आहोत. म्हणजे जमतंय.

फाइलमध्ये बदल:

फर्स्ट-एलबीए, लास्ट-एलबीए आणि सेक्टर-साइझ या तिन्ही ओळी काढून टाका. पहिल्या दोन (वापरता येणारा पहिला आणि शेवटचा सेक्टर) ४०९६ च्या मापातल्या आहेत, आणि तिसरी ठेवली तर आकडे कुठल्या मापात आहेत याचा घोळ होऊ शकतो. डिव्हाइसच्या ओळीत आणि पार्टिशनच्या ओळीत लूपच्या जागी एसडीबी करा. स्टार्ट २०४८, साइझ ७८१४०३३४०८. लेबल-आयडी, टाइप, यूयूआयडी यांना हात लावू नका, म्हणजे पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) तोच राहील.

मग क्रमाने:

लॉसेटअप -डी /डेव्ह/लूप०
एसएफडिस्क --नो-अ‍ॅक्ट /डेव्ह/एसडीबी < टेबल.टीएक्सटी

ही रंगीत तालीम, काही लिहिलं जात नाही. पार्टिशनचा आकार ३.६टी दिसतोय आणि शेवट ७८१४०३५४५५ आहे ना ते वाचा. पटलं की

ब्लॉकडेव्ह --सेटआरडब्ल्यू /डेव्ह/एसडीबी
एसएफडिस्क --वाइप नेव्हर --वाइप-पार्टिशन्स नेव्हर /डेव्ह/एसडीबी < टेबल.टीएक्सटी

ते दोन 'नेव्हर' विसरू नका. एसएफडिस्कला नव्या पार्टिशनच्या जागी जुन्या फाइल सिस्टिमची सही सापडली तर ती पुसण्याची सोय त्यात असते. आपल्याला ती सहीच हवी आहे.

आता एलएसबीएलके -एफ मध्ये एसडीबी१ आणि त्याची ईएक्सटी४ यूयूआयडी दिसली पाहिजे. न दिसल्यास पार्टप्रोब द्या. तरीही पार्टिशन आलं पण फाइल सिस्टिम ओळखली नाही, तर स्टार्ट चुकलाय. तिथे एफएसचेक चालवू नका, आधी आकडा दुरुस्त करा. चुकीच्या जागेवरून सुरू झालेल्या दुरुस्तीने खरंखुरं नुकसान होतं.

---

टर्मिनलकर

वरचं सगळं बरोबर आहे, दोन गोष्टी जोडतो.

इ२एफएसचेक -एन -एफ लगेच चालवून त्यातल्या चुका बघून घाबरायला होतं. -एन दिलं की ते जर्नल लावत नाही, तसं सांगतंही. राहिलेल्या नोंदी न लावता तपासलं तर रिकाम्या ब्लॉकांची मोजणी जुळत नाही, असल्या तक्रारी येणारच. इथे -एन न देता इ२एफएसचेक -एफ /डेव्ह/एसडीबी१ चालवा. ते आधी जर्नल लावेल आणि मग तपासेल. पार्टिशन माउंट केलेलं नको, एवढंच.

दुसरं, हाच प्रश्न दुसऱ्या फाइल सिस्टिमवर घेऊन येणाऱ्यांसाठी. ईएक्सटी४ स्वतःच्या ब्लॉकमध्ये मोजतं, साधारण ४०९६ बाइटच्या, त्याला खालचा सेक्टर ५१२ झाला तरी फरक पडत नाही. एक्सएफएस आपल्या सुपरब्लॉकमध्ये सेक्टरचा आकार लिहून ठेवतं. ४०९६ वर बनवलेलं ५१२ च्या डिस्कवर चालतं, पण उलट दिशेने, म्हणजे ५१२ वर बनवलेलं ४०९६ दाखवणाऱ्या डॉकमध्ये, माउंट होत नाही. तिथे टेबल कितीही सुधारलं तरी उपयोग नाही, डेटा कॉपीच करावा लागतो.

आणि कुणाची डिस्क थेट जोडल्यावर फिरतच नसेल तर ते प्रकरण वेगळं. नव्या साटा पॉवर कनेक्टरमध्ये तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहावी अशी सोय आहे. जुना पॉवर सप्लाय तिथे सतत ३.३ व्होल्ट देतो आणि डिस्क उठत नाही.

---

कोरीपाटी

झालं. एसडीबी१ आलं, यूयूआयडी आधीचीच. इ२एफएसचेकने जर्नल लावलं आणि पाचही टप्पे तक्रारीशिवाय पार पडले. फाइली उघडून पाहिल्या, ठीक आहेत. सर्वांचे मनापासून आभार, विशेषतः ८ च्या गुणाकारासाठी.

शेवटचं एक: एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय माउंट करायचं त्याची फाइल) जुनी ओळ /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी/यूएसबी-... अशी होती. आता तिथे काय? आणि डीएफमध्ये (जागेचा हिशेब देणारी कमांड) वापरलेली आणि उरलेली जागा मिळून डिस्कच्या आकाराएवढी होत नाही, त्यात काही गडबड?

---

रात्रपाळी

बाय-आयडीमधलं नाव जोडणीवर अवलंबून असतं. डॉकमध्ये यूएसबी- होतं, आता एटीए- झालंय, त्यामुळे जुनी ओळ कधीच लागणार नाही. फाइल सिस्टिमची यूयूआयडी वापरा, ती डेटासोबत फिरते:

यूयूआयडी=... /डेटा ईएक्सटी४ डिफॉल्ट्स,नोफेल ० २

नोफेल नक्की ठेवा, नाहीतर एखाद्या दिवशी केबल सैल झाली की मशीन बूट होताना डिस्कची वाट बघत बसतं आणि शेवटी इमर्जन्सी शेलमध्ये जाऊन पडतं. ओळ लिहिली की फाइंडएमएनटी --व्हेरिफाय चालवा. टायपिंगची चूक किंवा नसलेली यूयूआयडी ते रीबूटच्या आधीच दाखवतं. मग सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड आणि माउंट -ए.

जागेचं कोडं साधं आहे. ईएक्सटी४ ठरलेल्या सवयीने ५ टक्के ब्लॉक रूटसाठी राखून ठेवतं. तुमच्या डिस्कवर ते साधारण १८६ जीआयबी होतात. सिस्टिमच्या मूळ पार्टिशनवर ती राखीव जागा कामाची असते, पण नुसत्या साठवणीच्या डिस्कवर एवढी नको. ट्यून२एफएस -एम १ /डेव्ह/एसडीबी१ दिलं की १ टक्क्यावर येतं, माउंट असतानाही चालतं. शून्य करू नका. पार्टिशन काठोकाठ भरलं की नव्या फाइलींना सलग जागा मिळत नाही आणि तुकडे होत जातात.

---

सेक्टरमोजणी

एक इशारा राहिला. ही डिस्क आता त्या जुन्या डॉकमध्ये लावलीत तर तिथे ती अशीच 'रिकामी' दिसेल, फक्त उलट्या कारणाने. ५१२ दाखवणाऱ्या डॉकमध्ये चालेल. कुठलाही नवा डॉक घेतल्यावर एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,ट्रान,लॉग-सेक,फाय-सेक देऊन लॉग-सेक खाली ५१२ येतंय का ते पहिल्यांदा बघा, आणि जुन्या डॉकवर '४०९६' अशी चिठ्ठी चिकटवून ठेवा. डोकं.बिन आणि शेपूट.बिन इतक्यात काढू नका, पुढची काही आठवडे डिस्क नीट चालली की मग पुसा.

तोवर एकदा स्मार्टसीटीएल -टी लाँग /डेव्ह/एसडीबी लावून ठेवा. किती वेळ लागेल ते स्मार्टसीटीएल -सी मध्ये मिनिटांत दिलेलं असतं, एवढ्या डिस्कला कित्येक तास जातात. चाचणी डिस्कच्या आतच चालते, काम सुरू ठेवलं तरी चालेल, फक्त वेळ वाढतो. निकाल स्मार्टसीटीएल -एल सेल्फटेस्ट मध्ये. 'कम्प्लीटेड विदाउट एरर' आलं तर ठीक. रीड फेल्युअर आला तर शेवटच्या रकान्यात पहिल्या वाईट सेक्टरचा क्रमांक असतो, तो इथे टाका.